काटा दोनदा, कुलूप दोनदा

कराडजवळच्या आमच्या गावात ऊस तुटला की वडील मला ट्रॅक्टरवर शेजारी बसवून कारखान्यावर न्यायचे. नंबर लागेपर्यंत निम्मी रात्र सरायची. मग भरलेली ट्रॉली काट्यावर चढायची, ऊस गव्हाणीत उतरायचा आणि रिकामी ट्रॉली परतताना पुन्हा काट्यावर यायची. दोन वजनांतला फरक म्हणजे आमचा ऊस. वडील पावती दिव्याखाली धरून दोन्ही आकडे वाचायचे, मगच ती खिशात घालायचे.

आज मी सांगलीत पतसंस्था आणि दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. आमच्या कामातही असे काटे असतात. त्यांना मिडलवेअर म्हणतात. सभासद मोबाइलवर ‘माझं खातं’ दाबतो, तेव्हा त्याची मागणी थेट खात्याच्या नोंदीपर्यंत जात नाही. वाटेत तिची तपासणी होते: आलंय कोण, त्याला परवानगी आहे का, एका मिनिटात तो किती वेळा आला. जावास्क्रिप्ट या संगणकभाषेतल्या तयार चौकटी या तपासण्या अडकवायला वाटेवर खुंट्या ठेवतात. त्या खुंट्या म्हणजे हूक. त्या कुठे ठोकायच्या, हा प्रश्न तांत्रिक वाटला तरी त्यावर तुमच्या-आमच्या ठेवींची माहिती अवलंबून असते. म्हणून तो इथे मांडते आहे.

जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालवणारं नोड जेएस २००९ साली आलं आणि २०१० मध्ये त्यावर एक्सप्रेस ही चौकट उभी राहिली. तिचा नियम साधा आहे. तपासण्या ज्या क्रमाने लिहाल त्याच क्रमाने चालतात, आणि प्रत्येकीने काम संपलं की ‘नेक्स्ट’ म्हणून मागणी पुढे सोपवायची. त्यानंतर आलेल्या कोआ या चौकटीत परतीची वाटही त्याच ठिकाणांवरून जाते. जाताना वेळ टिपा, येताना पुन्हा टिपा, फरक म्हणजे कामाला लागलेला वेळ. हे मी पहिल्यांदा शिकले तेव्हा मला समजावून सांगावं लागलं नाही. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी मी लहानपणापासून पाहिली होती.

तरीही माझ्या हातून चूक झाली. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या पोर्टलवर मी लाभांशाच्या यादीचं पान घाईने जोडलं. त्या पानाची ओळ लॉगिन तपासणाऱ्या ओळीच्या वर पडली. म्हणजे पान आधी आणि पहारा नंतर. लॉगिन न करताही कुणालाही सभासदांची नावं आणि रकमा दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एका वयस्कर सभासदाने फोन करून सांगितलं तेव्हा मला कळलं. दुरुस्ती एका ओळीची होती. पण ती यादी रात्रभर उघडी होती, याची टोचणी अजून गेलेली नाही.

चूक माझीच होती. पण जी रचना एक ओळ वर-खाली झाल्याने पहारा उठवते, ती रचनाही सुधारायला हवी. फास्टिफाय या चौकटीने हे ओळखलं. तिथे प्रत्येक हूकला टप्प्याचं नाव आहे: मागणी आल्याबरोबर, मजकूर उलगडण्याआधी, पडताळणीआधी, मुख्य कामाच्या ऐन आधी, उत्तर पाठवताना. नाव वाचलं की जागा कळते. ओळख पहिल्याच टप्प्यावर तपासली, तर अनोळखी माणसाने पाठवलेली भलीमोठी फाइल उघडण्याचीही वेळ येत नाही. शिवाय हूक ज्या भागाला जोडला, त्या भागापुरताच आणि त्याच्या पोटातल्या भागांपुरता चालतो, शेजाऱ्याच्या घरात शिरत नाही. चौकट अशीच असावी, असं माझं ठाम मत आहे. तपासणीचा क्रम लिहिणाऱ्याच्या डोक्यात राहू नये, वाचणाऱ्याला तो समोर दिसावा.

पण क्रम बरोबर असला तरी तेवढ्याने भागत नाही. मार्च २०२५ मध्ये जगभर वापरल्या जाणाऱ्या नेक्स्ट जेएस या चौकटीतला एक दोष उघड झाला. मिडलवेअरने स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावत राहू नये, म्हणून ती चौकट मागणीवर एक अंतर्गत खूण लावत असे. तीच खूण बाहेरच्या माणसाने मागणीवर लावून पाठवली की चौकटीला वाटे, तपासणी होऊन गेली आहे, आणि मागणी सरळ आत जाई. दोषाची तीव्रता दहापैकी ९.१ ठरली. १४.२.२५ आणि १५.२.३ या आवृत्त्यांमध्ये दुरुस्ती आली. ज्यांचा सगळा भरवसा वेशीवरच्या त्या एका पहाऱ्यावर होता, त्यांची घरं तोवर उघडी होती. ज्यांनी आत, प्रत्यक्ष नोंद वाचतानाही ‘हे खातं याचंच आहे का’ असं विचारलं होतं, त्यांच्याकडून वेस ओलांडूनही काही हाती लागलं नसतं.

माझे काही सहकारी म्हणतात, एकच गोष्ट दोनदा तपासणं म्हणजे वेळ आणि मेहनत वाया घालवणं. मला हे पटत नाही. वेशीवरची तपासणी गर्दी अडवते, आतली तपासणी मालकी पाहते. दुसऱ्या तपासणीला लागणारा वेळ सभासदाच्या लक्षातही येत नाही. उघडी पडलेली माहिती मात्र परत झाकता येत नाही.

सातारा आणि सांगली हे सहकारावर उभे राहिलेले जिल्हे आहेत. उसाचं टनेज, दुधाचं फॅट, सोनेतारण, मुलीच्या लग्नासाठीची ठेव, सगळ्याची नोंद आता कुठल्या ना कुठल्या पोर्टलमध्ये आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीची वाजवी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तरीही सॉफ्टवेअर घेताना बैठकीत चर्चा होते ती किमतीची आणि पडद्यावरच्या रंगांची.

म्हणून संचालकांना माझी विनंती आहे. सॉफ्टवेअर घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. तपासण्या कोणत्या क्रमाने होतात, ते एका कागदावर लिहून द्याल का? नवं पान जोडलं तर ते आपोआप कुलूपबंद राहील, की कुणाला तरी आठवणीने कुलूप लावावं लागेल? आणि वेशीवरचा पहारा चुकला, तर आत दुसरं कुलूप आहे का? सांगलीच्या वालचंदमध्ये आणि कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनीही आपल्या प्रकल्पात हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत.

माझे वडील सातवीपर्यंत शिकले होते. दोन्ही आकडे वाचल्याशिवाय त्यांनी कधी पावती खिशात घातली नाही. संस्थेच्या कारभाऱ्यांनीही दोन्ही कुलपं स्वतः पाहिल्याशिवाय करारावर सही करू नये.