स्वस्त फ्लॅश घेताय? आधी कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा ठिपका बघा

लग्नसराई जवळ आली की नव्याने काम सुरू केलेल्या फोटोग्राफर मंडळींचा एक प्रश्न हमखास येतो: कमी बजेटमध्ये कोणता फ्लॅश घ्यावा? दहा वर्षांपूर्वी याचं उत्तर सोपं होतं. योंगनुओचा वायएन५६० घ्या, कॅमेऱ्यावर बसवा आणि कामाला लागा. आज हे उत्तर देण्याआधी उलटा प्रश्न विचारावा लागतो, की तुमचा कॅमेरा कोणता? मधल्या काळात फ्लॅश चांगले आणि स्वस्त झाले, पण ज्या खाचेत ते बसतात ती खाच बदलत गेली. त्यातही गंमत अशी की हा बदल सर्वात आधी स्वस्त कॅमेऱ्यांत झाला, म्हणजे ज्यांना स्वस्त फ्लॅशची गरज आहे नेमक्या त्यांच्याच कॅमेऱ्यांत.

कॅमेऱ्याच्या वर जी धातूची खाच असते तिला हॉट शू म्हणतात. तिच्या मधोमध एक गोल ठिपका दिसतो. शटर पूर्ण उघडलं की कॅमेरा हा ठिपका आणि खाचेची कड यांच्यातलं सर्किट जोडतो आणि फ्लॅश उडतो. बस्स, एवढंच. खाचेची मापं आयएसओ ५१८ या प्रमाणात ठरलेली आहेत, त्यामुळे एका कंपनीचा फ्लॅश दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर मॅन्युअल पद्धतीने बिनदिक्कत चालायचा. ठिपक्याच्या आजूबाजूला जे छोटे संपर्कबिंदू असतात ते मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे. टीटीएल, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच उजेड मोजून फ्लॅशची ताकद ठरवणं, हा सगळा संवाद त्या बिंदूंतून होतो. मॅन्युअल फ्लॅशला यातलं काही कळत नाही. त्याला फक्त मधल्या ठिपक्याची भाषा येते, आणि म्हणूनच तो स्वस्त असतो.

२०१८ मध्ये कॅननने ३०००डी आणला आणि त्यात हा मधला ठिपकाच नव्हता. २०१९ च्या २००डी मार्क टू मध्येही तेच. बाजारात फिरणाऱ्या बऱ्याच १५००डी वरही तो दिसत नाही. आपल्याकडे पहिला डीएसएलआर म्हणून घेतले जाणारे कॅमेरे नेमके हेच. त्यांच्यावर वायएन५६० किंवा गोडॉक्स टीटी६०० बसवला तर तो व्यवस्थित बसतो, त्याचा दिवा लागतो, टेस्टचं बटण दाबलं तर उडतोही. फक्त फोटो काढताना गप्प राहतो. मग माणूस फ्लॅश खराब निघाला म्हणून दुकानात भांडायला जातो. दुकानदार तो आपल्या कॅमेऱ्यावर लावून उडवून दाखवतो. चूक दोघांचीही नसते.

मिररलेसमध्ये वेगळीच तऱ्हा आहे. कॅननच्या आर५० वर २१ संपर्कांचा नवा शू आहे. त्यावर जुन्या पद्धतीचे कॅननचे स्वतःचे स्पीडलाइटसुद्धा एडी-ई१ नावाच्या अडॅप्टरशिवाय चालत नाहीत. सोनीचा २०२४ चा झेडव्ही-ई१० मार्क टू तर यापुढे गेला. त्यात मेकॅनिकल शटर नाही आणि फ्लॅश वापरायची सोयच नाही. पहिल्या झेडव्ही-ई१० वर फ्लॅश चालायचा. म्हणजे नवीन मॉडेल चांगलंच असणार या समजुतीने मार्क टू घेतला आणि पुढे लग्नाची ऑर्डर मिळाली, तर कितीही महागडा फ्लॅश आणून उपयोग नाही. व्हिडिओ करणाऱ्यांचा कॅमेरा आहे, त्यांना कुठे फ्लॅश लागतो, असा यामागचा हिशेब असावा. पण एकाच कॅमेऱ्यावर रील आणि लग्न दोन्ही करणारी मुलं आपल्याकडे गावोगाव आहेत.

माझ्या मते कॅननचा ठिपका काढण्याचा निर्णय जास्त खटकणारा आहे. सोनीच्या बाबतीत निदान शटरचं तांत्रिक कारण दिसतं. इथे मात्र सगळ्या कंपन्यांना सामाईक असलेली एक साधी जोडणी काढून टाकली, आणि त्यातून वाचले असतील ते किरकोळ पैसे. भुर्दंड पडला तो ग्राहकाला.

ज्यांच्याकडे असा कॅमेरा आधीच आहे त्यांनी निराश व्हायचं कारण नाही. एक बिनखर्चाचा मार्ग म्हणजे कॅमेऱ्यातला पॉप-अप फ्लॅश. मॅन्युअल फ्लॅश स्टँडवर बाजूला ठेवायचा आणि त्याला स्लेव्ह मोडवर टाकायचं. पॉप-अपचा उजेड दिसला की तो उडतो. यात एस१ आणि एस२ असे दोन पर्याय असतात. टीटीएलवरचा पॉप-अप आधी उजेड मोजायला एक बारीकसा फ्लॅश टाकतो आणि मग खरा. एस१ वर ठेवलेला फ्लॅश त्या पहिल्यालाच भुलून आधीच उडून जातो. म्हणून एस२ ठेवा. भर उन्हात आणि मोठ्या मैदानात ही युक्ती दगा देते, घरात आणि हॉलमध्ये चालते. फक्त दुसरा कोणी फोटोग्राफर फ्लॅश मारत असेल तर तुमचा फ्लॅश त्याच्याही तालावर नाचेल. दुसरा मार्ग म्हणजे कॅननची डिजिटल भाषा बोलणारा टीटीएल ट्रिगर, उदाहरणार्थ गोडॉक्सचा कॅननसाठीचा एक्सप्रो किंवा एक्स२टी. त्याचं फर्मवेअर अद्ययावत करून घ्या आणि पैसे देण्याआधी तुमच्याच कॅमेऱ्यावर लावून बघा. तो चालला की बाजूला ठेवलेला टीटी६०० रेडिओवरून उडवता येतो.

आता ठिपका जागेवर असेल तर काय घ्यावं? माझं मत टीटी६०० च्या बाजूने आहे. वायएन५६० फोरमध्ये रेडिओचा ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोन्ही असतात, त्यामुळे कॅमेऱ्यावर एक आणि लांब एक असे दोन वायएन५६० वेगळ्या ट्रिगरशिवाय चालतात. ही सोय खरंच मोठी आहे. पण गोडॉक्सचं फायदेशीर अंग म्हणजे त्यांची एकच रेडिओ यंत्रणा: आज टीटी६००, उद्या टीटीएल फ्लॅश, परवा स्टुडिओ लाइट, ट्रिगर तोच. सोनीवाल्यांनी टीटी६००एस हे त्यांच्या शूसाठीचं मॉडेल घ्यावं. आणि हायस्पीड सिंक लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका. टीटी६०० मध्ये ते फक्त फ्लॅश कॅमेऱ्यापासून वेगळा ठेवून ट्रिगरने उडवल्यावरच मिळतं. शूवर बसवला तर शटर सिंक स्पीडच्या आतच, म्हणजे बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांवर १/२०० किंवा १/१६० पर्यंत. त्याच्या वर गेलात तर फोटोत काळी पट्टी येईल.

गाइड नंबरच्या आकड्यांनीही लोक फसतात. गाइड नंबर म्हणजे अंतर गुणिले अॅपर्चर. ६० चा अर्थ आयएसओ १०० आणि एफ/८ ला साडेसात मीटरपर्यंत पुरेसा उजेड. पण टीटी६०० चा ६० हा आकडा २०० मिमी झूमवर मोजलेला आहे आणि वायएन५६० फोरचा ५८ हा १०५ मिमीवर. म्हणजे या दोन आकड्यांची थेट तुलनाच होत नाही. लग्नात ३५ मिमीच्या आसपास काम करताना दोन्ही याहून बरेच कमी देतात.

वापरताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की निम्मं काम झालं: फ्लॅशचा उजेड अॅपर्चर, आयएसओ आणि फ्लॅशच्या ताकदीवर ठरतो, मागच्या रोषणाईचा उजेड शटरवरसुद्धा. हॉल काळा येतोय? शटर १/२०० वरून १/६० ला आणा, चेहऱ्यावर फारसा फरक पडणार नाही, मागचे दिवे मात्र उठून दिसतील. पांढरं छत असेल तर फ्लॅशचं डोकं वर करा. छत रंगीत किंवा उंच असेल, किंवा मंडप उघडा असेल तर हा प्रयोग सोडा. भगव्या कापडावरून परतलेला उजेड सगळ्यांना कावीळ झाल्यासारखा दाखवतो. मिररलेस असेल तर मॅन्युअल सेटिंगवर स्क्रीन काळा दिसेल, त्यासाठी एक्स्पोजर सिम्युलेशन बंद करा. सायलेंट शटरही बंद.

पूर्ण ताकदीवर फ्लॅश सतत मारू नका. टीटी६०० ला १/१ नंतर पुन्हा तयार व्हायला साधारण अडीच सेकंद लागतात, आणि अंतरपाट दूर होऊन हार पडायला तेवढाही वेळ लागत नाही. १/४ किंवा १/८ वर ठेवा आणि आयएसओ ८०० करा. सेल चांगल्या कंपनीचे रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड घ्या, चार-चारचे दोन संच, आणि एकाचे सेल दुसऱ्यात मिसळू नका.

स्टेजवर जोडप्यासोबत फोटो काढायला पाहुणे एकाच जागी येऊन उभे राहतात. तिथे मॅन्युअलसारखं सुख नाही. एकदा जमवलं की दोनशे फोटो एकसारखे येतात. टीटीएल मात्र पांढरी साडी आणि काळा सूट बघून दर वेळी वेगळं ठरवतो. वरातीत उलटं. तिथे माणूस दोन मीटरवरून चार मीटरवर गेला की उजेड निम्मा नाही, पाव होतो, आणि दर फोटोला बटणं फिरवायला कोणाला वेळ आहे? तुमचं जास्त काम असंच पळतं असेल तर थोडे पैसे साठवा आणि टीटीएलचाच घ्या.

शेवटचा मुद्दा घरच्या माळ्यावरचा. काकांच्या फिल्म कॅमेऱ्याचा जुना फ्लॅश सापडला म्हणून सरळ डिजिटल कॅमेऱ्यावर बसवू नका. व्हिविटार २८३ च्या सुरुवातीच्या काही फ्लॅशचा ट्रिगर व्होल्टेज दोनशेच्या वर असतो, आणि आजच्या कॅमेऱ्याचं सर्किट त्याने जळू शकतं. असा फ्लॅश वापरायचाच असेल तर स्वस्तातला ऑप्टिकल स्लेव्ह लावून कॅमेऱ्यापासून लांब ठेवा. सेकंडहँड घेताना तर स्वतःचा कॅमेरा सोबत न्या, फ्लॅश शूवर लावा, पूर्ण ताकदीवर पाच-सहा फोटो काढा आणि झूमची मोटर फिरल्याचा आवाज येतो का ते ऐका.