वेग कोणासाठीं?

पुणें-मुंबई प्रवास पंचवीस मिनिटांत करविणाऱ्या हायपरलूपची घोषणा २०१८ सालीं झाली, तेव्हां आमच्या लवळ्यांतही मिनिटांचीच चर्चा झाली. भाडें किती, हें विचारणारे थोडे. ती कंपनी २०२३ अखेर बंद पडली.

अशाच एका जुन्या प्रयोगाची आम्हांस आठवण होते. घाटांत खंडाळ्याजवळ गाडी थांबवून तिची दिशा उलट करावी लागे. १९२९ सालीं नव्या बोगद्यांमुळें ती खोटी टळली, विजेचीं इंजिनेंही आलीं, आणि १ जून १९३० रोजीं दख्खनची राणी धांवूं लागली. अवघ्या पावणेतीन तासांत मुंबईहून पुणें! सात-सात डब्यांचे दोन संच, एक रुपेरी, एक निळा. परंतु त्यांत वर्ग दोनच, पहिला व दुसरा. घाट फोडणाऱ्या मजुरांच्या नातवंडांनीं ती गाडी रुळांलगत उभें राहूनच पाहावी, अशी ती व्यवस्था. तिसरा वर्ग तिला जोडला गेला तो जून १९५५ मध्यें.

आज त्या गाडीस तीन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. कित्येकांस ही अधोगति वाटते. आम्हांस वाटत नाहीं. आमच्या गांवचा विद्यार्थी आतां साध्या तिकिटावर तींत बसतो.