फिनलंडचे सिनेमे उदास नसतात, आपल्याला हार बघवत नाही

फिनलंडच्या सिनेमांबद्दल आपल्याकडे दोनच मतं ऐकू येतात. पहिलं, ‘फार डिप्रेसिंग असतात यार.’ दुसरं, ‘जगातला सगळ्यात आनंदी देश, आणि सिनेमे बघ कसले काढतात!’ दुसरं मत मांडणाऱ्याला आपण मोठी विसंगती पकडली असं वाटत असतं. मला दोन्ही मतं आळशी वाटतात. हा लेख त्यांच्याविरुद्ध आहे.

आधी त्या आनंदाचं बघू. 2018 पासून वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्टमध्ये फिनलंड वर्षानुवर्षं पहिला येतोय. पण त्या अहवालासाठी ‘तुम्ही खूश आहात का’ असं कोणी विचारत नाही. एका शिडीची कल्पना करायला सांगतात. सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुमच्या दृष्टीने शक्य असलेलं उत्तमातलं उत्तम आयुष्य, सगळ्यात खालची म्हणजे वाईटातलं वाईट. शून्य ते दहा, तुम्ही कुठे उभे आहात? हा प्रश्न हसण्या-खिदळण्याचा नाहीच. माझ्या मते, पाय घसरला तर मी किती खोल जाईन याचा हिशोबही माणूस त्या उत्तरात करत असतो. आणि गेल्या काही वर्षांतले चांगले फिनिश सिनेमे नेमकं हेच दाखवतात: पाय घसरलेला माणूस, आणि त्यानंतरचं त्याचं आयुष्य.

2016 सालचे दोन सिनेमे शेजारी शेजारी ठेवा. एक आपला ‘दंगल’. त्यात बाप मुलीला समजावतो की रौप्यपदक लोक विसरतात, सुवर्ण लक्षात ठेवतात. शेवटी सुवर्ण मिळतं, राष्ट्रगीत वाजतं, थिएटरात सगळे उभे राहतात. दुसरा यूहो कुओस्मानेनचा ‘द हॅपिएस्ट डे इन द लाइफ ऑफ ओल्ली मॅकी’. ब्लॅक अँड व्हाइट, 16 एमएम फिल्मवर चित्रित केलेला. कान महोत्सवात त्याला ‘अं सर्तेन रगार’ विभागाचा मुख्य पुरस्कार मिळाला. ओल्ली मॅकी हा खराखुरा बॉक्सर, कोक्कोला नावाच्या गावचा बेकरीवाला. 17 ऑगस्ट 1962 रोजी हेलसिंकीच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये तो अमेरिकेच्या डेव्ही मूरशी फेदरवेटच्या विश्वविजेतेपदासाठी लढला. अख्खा देश बघायला लोटला होता. ओल्ली दुसऱ्याच फेरीत हरला.

सिनेमाचं नाव आहे ‘आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस’, आणि तो दिवस हाच. कारण मधल्या काळात ओल्ली रायाच्या प्रेमात पडलाय. मॅनेजर त्याला फोटोसाठी उभं करतोय, वजन घटवायला लावतोय, प्रायोजकांच्या जेवणावळींना नेतोय, आणि ह्या गड्याचं लक्ष रायाकडे आहे. लढतीच्याच दिवशी दोघं अंगठ्या घेतात. हरल्यावर तो मोडून पडत नाही, बदला घ्यायची शपथ घेत नाही, पुढच्या वर्षी परत येत नाही. शेवटी दोघं चालत निघालेली असताना समोरून एक म्हातारं जोडपं येतं. ते खरे ओल्ली आणि राया आहेत. ह्याहून मोठं सुवर्णपदक मला तरी कुठल्या स्पोर्ट्स फिल्ममध्ये दिसलेलं नाही.

हेलसिंकी म्हटल्यावर आपल्याला खाशाबा जाधव आठवायला हवेत. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. ज्या स्टेडियममध्ये ओल्ली हरला, ते त्याच ऑलिंपिकचं मुख्य स्टेडियम. पण 1948 साली लंडनला खाशाबा सहावे आले होते, ती गोष्ट आपण कशी सांगतो? पदकाची ‘तयारी’ म्हणून. 1952 ला पदक हुकलं असतं, तर लंडनच्या सहाव्या क्रमांकासकट अख्खा माणूस आपण विसरून गेलो असतो. हरलेल्याची गोष्ट आपल्याकडे एकाच अटीवर चालते: तो पुढे जिंकणार असला पाहिजे.

‘पण ते देश श्रीमंत आहेत, त्यांना हरणं परवडतं,’ असा आक्षेप लगेच येतो. ह्या आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच आकी काउरिस्मॅकीचा ‘फॉलन लीव्हज’ बघितला पाहिजे. 2023 साली कानमध्ये त्याला ज्यूरी प्राइझ मिळालं आणि तेव्हापासून सगळे त्याला ‘गोड, हटके लव्हस्टोरी’ म्हणतायत. मला तो आधी नोकरी जाण्याबद्दलचा सिनेमा वाटतो. अन्सा हेलसिंकीतल्या सुपरमार्केटमध्ये ‘झिरो अवर’ करारावर काम करते. म्हणजे नोकरी आहे, पण आठवड्याला किती तास काम मिळेल याची हमी शून्य. मुदत संपलेलं, कचऱ्यात जाणार असलेलं खाणं घेतलं म्हणून तिला काढून टाकतात. पुढे ती एका बारमध्ये भांडी घासते, तर पगाराच्या दिवशीच मालकाला पोलीस घेऊन जातात. होलाप्पा हा कामगार. नादुरुस्त यंत्रामुळे त्याला इजा होते, पण तपासणीत तो प्यायलेला सापडतो आणि नोकरी त्याची जाते. यंत्राला कोणी काही विचारत नाही.

ह्या दोघांची भेट होते, आणि ती त्याला जेवायला बोलावते. तेव्हा तिच्या लक्षात येतं की घरात ताट एकच आहे. ती जाऊन दुसरं ताट विकत आणते. एकटेपणावर पानंच्या पानं लिहिता येतील, पण एका ताटाच्या खरेदीत तो इतका स्वच्छ मांडलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. ह्याला ‘हटके’ म्हणणाऱ्यांनी सांगावं की यात हटके काय आहे. हिंजवडीत वन-आरके भाड्याने घेऊन राहणाऱ्या कोणालाही ते ताट ओळखता येईल.

आता माझ्या मूळ भांडणाकडे येतो. ‘सिसू’ हा फिनिश शब्द तुमच्यापर्यंत पोचला असेल. साधारण अर्थ चिवटपणा, सगळं संपल्यावरही टिकून राहणं. ह्या शब्दावर सेल्फ-हेल्पची पुस्तकं आहेत, ट्रेनिंगचे कार्यक्रम आहेत. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एकदा मोठी कपात झाली. त्यानंतर काही दिवसांतच उरलेल्यांसाठी ‘रेझिलियन्स’ या विषयावर सेशन ठेवलं होतं आणि त्यात एका स्लाइडवर बर्फाच्या फोटोसह हा शब्द होता. गेलेल्यांच्या खुर्च्या तेव्हा अजून जागेवरच होत्या. आमच्या धंद्यात सर्व्हर कोसळला की ‘ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम’ करतात. माणसाला दोष द्यायचा नाही, व्यवस्थेत फट कुठे होती ते शोधायचं, असा त्याचा नियम. माणूस कोसळला की मात्र त्याला पीआयपीवर टाकतात आणि विचारतात, तू कुठे कमी पडलास? ‘सिसू’ची स्लाइड ह्याच प्रश्नाला चकचकीत कपडे घालते.

ह्याच नावाचा सिनेमाही आहे. याल्मारी हेलँडरचा ‘सिसू’, 2022 चा. 1944 साली लॅपलंडमध्ये सोनं शोधणारा एक म्हातारा माजी सैनिक नाझींच्या अख्ख्या तुकडीला एकटा पुरून उरतो. त्याला फाशी देतात, तो मरत नाही. सुरुंग फुटतात, तो मरत नाही. सुरुवातीलाच निवेदक सांगतो की ह्या शब्दाचं भाषांतर होत नाही. मी तो शिट्ट्या मारत बघितला, मजा येते, ते नाकारायचं कारण नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या: त्यातले संवाद बहुतेक इंग्रजीत आहेत. हा जगाला विकायला काढलेला फिनलंड आहे.

फिनलंडचे लोक स्वतःला सांगतात ती युद्धकथा वेगळी आहे. व्हॅइनो लिन्नाची ‘अननोन सोल्जर’ ही कादंबरी 1954 ची. तिच्यावर 1955, 1985 आणि 2017 असे तीन सिनेमे झाले. 1955 चा सिनेमा दरवर्षी 6 डिसेंबरला, स्वातंत्र्यदिनी, टीव्हीवर दाखवतात. आकू लौहिमिएसचा 2017 चा सिनेमा जेमतेम 55 लाख वस्तीच्या देशात दहा लाखांवर लोकांनी थिएटरात पाहिला. आणि ही गोष्ट कसली? 1941 ते 1944 च्या युद्धाची. त्यात फिनलंड जर्मनीच्या बाजूने सोव्हिएत संघाशी लढला आणि हरला. कारेलियाचा मोठा भाग गेला, चार लाखांहून अधिक लोकांना घरदार सोडून यावं लागलं. त्या गोष्टीतला सगळ्यांचा लाडका सैनिक रोक्का हा वरिष्ठांना न जुमानणारा शेतकरी. तो देशासाठी वगैरे नाही, आपल्या शेतीसाठी लढतो. युद्ध संपतं तेव्हा ती शेती सीमेपलीकडे गेलेली असते. स्वातंत्र्यदिनी हरलेल्या, कंटाळलेल्या, चिडलेल्या सैनिकांची गोष्ट लावणारा देश जरा वेगळाच म्हणायचा. आपण 15 ऑगस्टला टीव्हीवर काय बघतो ते आठवा.

तरुण दिग्दर्शिका ह्याच धाग्याला आजच्या घरांत घेऊन आल्यात. हाना बर्गहोल्मच्या ‘हॅचिंग’मध्ये (2022) आई आपल्या परिपूर्ण कुटुंबाचे व्हिडिओ काढत असते आणि बारा वर्षांच्या मुलीने जिम्नॅस्टिक्समध्ये जिंकलंच पाहिजे असा तिचा हट्ट असतो. मुलगी एक अंडं घरात आणून उबवते आणि त्यातून जे बाहेर येतं ते भयंकर आहे. हा हॉरर आहे, पण खरी भीती वाटते ती आईच्या हसऱ्या चेहऱ्याची. त्याच वर्षीच्या आल्ली हापासालोच्या ‘गर्ल पिक्चर’मध्ये एक फिगर स्केटर आहे, जिला एक उडी काही केल्या जमत नाहीये. सनडान्समध्ये प्रेक्षकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार त्याला मिळाला. दहावी-बारावीच्या क्लासांत, जेईईच्या बॅचेसमध्ये वाढलेल्या आपल्याला हे सिनेमे परके वाटायचं कारणच काय?

आणि तेमू निक्कीचा ‘द ब्लाइंड मॅन हू डिड नॉट वॉन्ट टू सी टायटॅनिक’ (2021). याक्को आंधळा आहे, मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे व्हीलचेअरवर आहे. दुसऱ्या गावी राहणाऱ्या, आजारी असलेल्या सिर्पाला त्याला भेटायचंय. टॅक्सी, ट्रेन, पुन्हा टॅक्सी, एवढाच प्रवास. भूमिका करणारा पेत्री पोइकोलाइनेन प्रत्यक्षातही ह्याच आजाराने दृष्टी गेलेला नट. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यापासून हलत नाही, बाकी सगळं जग धूसर. ह्या माणसाकडे चिवटपणा भरपूर आहे, पण त्याने भागत नाही. त्याचा प्रवास अनोळखी लोकांच्या हातात आहे: कोण मदत करेल, कोण लुटेल. ‘सिसू’च्या स्लाइडवर न दिसणारी गोष्ट हीच. पडलेला माणूस एकट्याच्या जिद्दीवर उठत नाही. काउरिस्मॅकीच्या 2002 च्या ‘द मॅन विदाउट अ पास्ट’मध्ये स्मृती गेलेल्या माणसाला नाव नाही म्हणून बँकेत खातं मिळत नाही, आणि कंटेनरमध्ये राहणारं गरीब कुटुंब त्याला जेवू घालतं.

यावर एक आक्षेप खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. काउरिस्मॅकीची गरिबी फार देखणी असते. निळ्या-लाल भिंती, ज्यूकबॉक्स, जुने रेडिओ. हरणं असं रंगवलं की ते हवंहवंसं वाटू लागतं, आणि ज्याने हरवलं तो सुटतो. मान्य. म्हणून कात्या गाउरिलोफचा ‘येव्हिडा’ (2023) ह्या यादीत हवाच. स्कोल्ट सामी भाषेतला हा पहिला पूर्ण लांबीचा कथापट. ही भाषा बोलणारे लोक काहीशेच उरलेत, आणि दिग्दर्शिका स्वतः त्याच समाजातली आहे. सामी मुलीला वसतिगृहाच्या शाळेत टाकतात, तिची भाषा आणि नाव पुसून टाकतात, आणि म्हातारपणी ती आपलं मूळच लपवून जगत असते. इथली हार गोड नाही. ती घडवून आणली गेली होती, आणि घडवणारं राज्य हाच तो आनंदी देश होता. त्या भाषेत सिनेमा काढणं हा त्यावरचा जबाब आहे.

तेव्हा ‘डिप्रेसिंग’ हा शब्द मागे घ्या. आपल्या पिढीला लेऑफ माहीत आहेत, बेंचवर बसणं माहीत आहे, चौथ्यांदा एमपीएससी देणारा मित्र माहीत आहे. त्या मित्राची गोष्ट सांगायला आपल्याकडे एकच साचा आहे, आणि तो निकालाच्या दिवशी पेढे वाटताना संपतो. पेढे वाटायची वेळ न आलेल्या लाखोंनी स्वतःला कुठली गोष्ट सांगायची? हा प्रश्न आपल्या लेखकांना आणि दिग्दर्शकांना विचारायला हवा, आणि ‘प्रेरणादायी नाही’ म्हणून तशा गोष्टी नाकारणाऱ्या प्रेक्षकांनाही, म्हणजे तुम्हाला आणि मला.

‘फॉलन लीव्हज’ 81 मिनिटांचा आहे. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये यापेक्षा जास्त वेळ जातो. बघा, आणि मग त्या चौथ्यांदा बसलेल्या मित्राला जेवायला बोलवा. अभ्यासाचं विचारू नका.