आधी स्टेशन, मग मजले

30 मार्च 2021 रोजी फलटणहून लोणंदमार्गे पुण्याकडे डेमू सुटली आणि निंबाळकर संस्थानिकांची जुनी राजधानी थेट पुण्याशी जोडली गेली. बारामतीकडचा मार्ग पुरा झाला, की फलटण शेवटचे स्टेशन राहणार नाही. मात्र रूळ आले म्हणून प्रवासी येत नाहीत. स्टेशनपासून दहा मिनिटांच्या चालीवर घरे, दुकाने, शाळा नसतील तर डबे रिकामे धावतात, आणि रिकाम्या गाडीच्या फेऱ्या कोणी वाढवत नाही.

स्थानकाजवळ दाट वस्तीची ही कल्पना नवी नाही. राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने पुण्यात मेट्रो स्थानकापासून 500 मीटरच्या आत 4 पर्यंत चटईक्षेत्र निर्देशांकाची मुभा दिली. ब्राझीलच्या कुरितिबाने तर 1970 च्या दशकातच बसमार्गाच्या कडेने उंच वस्ती वसवली. फलटणला टोलेजंग मनोरे नकोत. स्टेशन आणि एसटी स्टँडभोवती तीन-चार मजली, खाली दुकान नि वर परवडणारी एक-दोन खोल्यांची घरे, एवढे पुरे.

नाहीतर ठरलेलेच होईल: नीरा उजव्या कालव्याखालचे उसाचे रान गुंठ्यागुंठ्याने बिनशेती होईल आणि पाणी, गटार, रस्ता मागून धावत राहतील. म्हणून नगरपरिषदेने विकास आराखड्यात स्टेशन परिसराचा वेगळा पट्टा आखावा. मजल्यांच्या आधी जलवाहिनी, गटार आणि पदपथ टाकावेत. जमिनीचे भाव चढल्यावर आखलेला नकाशा दलालांच्याच कामी येतो.