वास गेला म्हणजे सॉल्व्हंट गेलं, असं नसतं!

सातपूर-अंबडचे बरेच जण विचारतात, "सर, फार्मात उतरायचंय, टेस्टिंगचा खर्च वाचवता येईल का?" माझं स्पष्ट मत: तिथे वाचवू नका.

नॅनोपार्टिकलचं औषध घ्या. एका पद्धतीत पॉलिमर डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवतात, पाण्यात घुसळून बारीक थेंब करतात, मग सॉल्व्हंट उडवतात. तरी थोडं कणाच्या पोटात अडकतं. जास्त तापवावं तर कण मऊ होऊन चिकटतात. आयसीएचच्या नियमावलीत डायक्लोरोमिथेनची मर्यादा आहे 600 पीपीएम, म्हणजे किलोमागे 600 मिलिग्रॅम. हे नाकाने कळत नाही. बंद बाटलीत नमुना तापवून वरची वाफ गॅस क्रोमॅटोग्राफवर तपासावी लागते.

खरी मेख पुढेच आहे. नमुना नुसता पाण्यात टाकला, तर कण विरघळत नाहीत, आतलं सॉल्व्हंट पूर्ण बाहेर येत नाही आणि आकडा कमी दिसतो. रिपोर्ट मात्र 'पास'! त्यासाठी डीएमएसओसारखं, कण पूर्ण विरघळवणारं द्रावक लागतं.

म्हणून लॅबला फक्त "पास झालं का?" विचारू नका. "नमुना कशात विरघळवला?" हेही विचारा. शेवटी ते औषध कुणाच्या तरी शरीरात जाणार आहे.