बाळंतीण आणि लक्ष्मणरेषा

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी राष्ट्राला उद्देशून भाषण केले आणि प्रत्येक घराच्या दाराशी एक लक्ष्मणरेषा ओढली गेली आहे, ती कोणी ओलांडू नये, असे बजावले. त्यानंतर चार तासांनी देशभर टाळेबंदी सुरू झाली. ज्या घरात त्या रात्री आठ-पंधरा दिवसांचे मूल पाळण्यात होते, किंवा ज्या घरातली सून दिवस भरत आल्यामुळे माहेरी निघण्याच्या तयारीत होती, त्या घरांनी ही रेषा कशी पाळावी याचा विचार त्या भाषणात नव्हता आणि मागाहून निघालेल्या आदेशांतही तो फारसा झाला नाही. त्या वर्षी जन्मलेली मुले आता शाळेत जाऊ लागली आहेत. झाले गेले गंगेला मिळाले, असे म्हणून हा विषय सोडून देता आला असता. परंतु विधी आयोगाने २०२४ साली सादर केलेल्या आपल्या २८६ व्या अहवालात साथीच्या रोगांचा १८९७ सालचा कायदा अपुरा असल्याचे म्हटले आहे. तो आज ना उद्या नव्याने लिहावा लागणार. लिहिणाऱ्यांच्या मेजावर जे प्रश्न असावयास हवेत, त्यांत हा एक प्रश्न आम्ही आग्रहाने ठेवू इच्छितो: नुकत्याच आई किंवा बाप झालेल्या माणसाने साथीच्या दिवसांत दूध, भाजी आणि औषध यांवाचून अन्य कारणासाठी घराबाहेर पाऊल टाकले, तर तो अपराध मानावा काय?

मानू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. इतकेच नव्हे, तर अशा बाहेर पडण्याला ‘अनावश्यक’ हा शब्द ज्यांनी लावला त्यांनी शब्दकोशाशी आणि माणुसकीशी एकाच वेळी प्रतारणा केली, असे आम्हाला वाटते.

हा शब्द आला कोठून? जीवनावश्यक वस्तूंचा कायदा आपल्याकडे १९५५ पासून आहे. वस्तूंची यादी करावी, तिचा साठा मोजावा, भाव बांधावा, हे सरकारी यंत्रणेला उत्तम जमते. टाळेबंदी आली तेव्हा तिने हीच सवय माणसांना लावली. दुकाने मोजली, खाती मोजली, कोणत्या कचेरीत किती टक्के माणसे बसतील ते मोजले. मनुष्याच्या गरजेला मात्र यादीत रकाना नव्हता. ज्याला दुकान नाही ती गरजच नव्हे, असा त्याचा अर्थ झाला. केंद्रीय गृहखात्याचा १ मे २०२० चा आदेश कोणीही काढून वाचावा. पासष्ट वर्षांवरील माणसे, जुनाट व्याधी असलेले रुग्ण, गर्भवती स्त्रिया आणि दहा वर्षांखालील मुले यांनी अत्यावश्यक गरजा आणि वैद्यकीय कारणे सोडता घरातच राहावे, असे त्यात म्हटले आहे. आणि त्याच आदेशाच्या परिशिष्टात, सहा फुटांचे अंतर ठेवून व एका वेळी पाचांहून अधिक माणसे न घेता, दारूची दुकाने उघडण्याची मुभा दिली आहे. ४ मेला ती उघडली. मुंबईत रांगा एवढ्या लांबल्या की दोन दिवसांत ती पुन्हा बंद करावी लागली. बाटलीसाठी सहा फुटांचे गणित मांडणाऱ्या शासनाला तान्ह्या मुलासाठी ते मांडता आले नाही! मूल घरात म्हणजे आईही घरात, हे सांगावयास नको.

२०२१ च्या एप्रिलमध्ये मुंबईत अत्यावश्यक वाहनांना रंगीत चकत्या लावण्याची टूम निघाली होती. तेव्हा एका तरुणाने पोलिसांना जाहीरपणे विचारले की, मैत्रिणीला भेटावयास जाण्यासाठी कोणत्या रंगाची चकती लावू? पोलिसांनी सौजन्याने उत्तर दिले की, तुमच्या दृष्टीने ते अत्यावश्यक असेल हे आम्ही जाणतो, पण आमच्या यादीत ते बसत नाही. सारी मुंबई हसली. आम्हीही हसलो. मैत्रिणीची भेट चार आठवडे लांबणीवर पडू शकते आणि विरहाने प्रेम वाढते असे कवी सांगत आले आहेत. परंतु बाळंतपणानंतरचे चार आठवडे लांबणीवर टाकता येत नाहीत. ते एकदाच येतात, आणि ते कसे गेले याची किंमत आईचे शरीर व मन पुढे कित्येक महिने मोजत असते.

येथे कोणी म्हणेल की, बाळंतिणीने घराबाहेर पडू नये हे तर आपल्याच आजीने सांगितले आहे. सव्वा महिना खोलीत काढण्याची रीत टाळेबंदीच्या किती आधीची! हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. वस्तुतः त्यानेच टाळेबंदीचा दोष उघडा पडतो. सव्वा महिना म्हणजे काय होते? बाळंतीण खोलीत असे, पण ती एकटी नसे. पहाटे मालीश करणारी बाई येई. शेक, धुरी, न्हाणे, डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, हे सारे कोणीतरी दुसरे करीत असे. मूल रात्री रडले तर ते उचलून घेणारी आजी शेजारच्या अंथरुणावर असे. कामापासून बाईला दूर ठेवणे आणि माणसांच्या गराड्यात ठेवणे, असा तो दुहेरी बंदोबस्त होता. त्यात सोवळेओवळे होते, भाबडे समज होते, सुनेला धाकात ठेवण्याची सोयही होती. त्या रीतीची आरती ओवाळण्याचा आमचा मुळीच विचार नाही. पण तिच्या गाभ्याशी एक शहाणपण होते. टाळेबंदीने ते नेमके उलटे केले. माणसे काढून घेतली आणि काम ठेवले. आई दुसऱ्या जिल्ह्यात अडकली, मालीशवाली सोसायटीच्या फाटकाबाहेर अडली, भांडीवाली गावी गेली. आणि दोन खोल्यांच्या घरात केरवारा, स्वयंपाक, नवऱ्याचे घरून चाललेले कार्यालय व दर दोन तासांनी जागे होणारे मूल एवढा पसारा एका ओल्या बाळंतिणीच्या अंगावर पडला. जिल्हा ओलांडण्यासाठी महाराष्ट्रात २०२० च्या ऑगस्टअखेरपर्यंत ई-पास लागत असे. त्या अर्जात वैद्यकीय निकड किंवा मृत्यू अशी कारणे समजण्यासारखी होती. पण ‘लेक बाळंत झाली आहे, तिला न्हाऊ घालावयास कोणी नाही’ हे कारण तिच्या आईने कोणत्या रकान्यात लिहावयाचे होते?

हा केवळ हळवेपणाचा विषय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे जगात नुकत्याच प्रसूत झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक विकार, मुख्यतः खिन्नता, जडतो. विकसनशील देशांत हे प्रमाण १९.८ टक्के आहे. म्हणजे पाचांत एक. हे प्रमाण साथीच्या आधीचे आहे. झोप नाही, मदत नाही, बोलावयास कोणी नाही, ही त्या आजाराला खतपाणी घालणारी कारणे. त्यावरचे सारे उपाय डॉक्टरच्या चिठ्ठीत नसतात. दिवसातून अर्धा तास मोकळ्या हवेत चालणे, कोवळ्या उन्हात मुलाला धरणे, समोरून जाणाऱ्या ओळखीच्या माणसाने लांबूनच ‘बाळ कसे आहे?’ म्हणून विचारणे, याला औषधाच्या दुकानात पावती मिळत नाही. म्हणून ते यादीबाहेर राहिले.

रोगाच्या दृष्टीने तरी हा निर्बंध शहाणपणाचा होता काय? १८९७ साली मुंबई-पुण्यात प्लेगने कहर केला, त्यातूनच तो कायदा जन्मला. प्लेगच्या काळात लोक घर सोडून गावाबाहेर झोपड्या बांधून राहत. उंदीर व त्यांच्यावरील पिसवा घरात असल्यामुळे घर सोडणे हाच शहाणपणा होता. त्या वेळच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी घरात घुसून जी दांडगाई केली तिचा शेवट रँडच्या खुनात झाला, हे महाराष्ट्राला सांगावयास नको. पण रोग कसा पसरतो ते ओळखून माणसाने कोठे राहावे हे ठरवावयाचे असते, एवढा धडा त्या साथीने दिला होता. कोरोनाचा विषाणू बंद जागेतल्या कोंडलेल्या हवेतून अधिक पसरतो आणि उघड्यावर त्याचा जोर पुष्कळच ओसरतो. असे असता बागांना कुलपे लागली, मैदाने ओस पडली आणि दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे कोंडून राहिली. पहिल्या काही आठवड्यांत शास्त्रज्ञांनाच पुरती कल्पना नव्हती. तेवढा काळ आम्ही प्रशासनाला माफ करू. मुंबईत ३ जून २०२० पासून पहाटे पाच ते संध्याकाळी सात या वेळात चालण्या-धावण्यास मैदाने व समुद्रकिनारे मोकळे झाले, हेही नमूद केले पाहिजे. तरीही त्याच महिन्याच्या अखेरीस घरापासून दोन किलोमीटरच्या आतच फिरा असे फर्मान निघाले, आणि आठवडा उलटण्यापूर्वी ते मागे घ्यावे लागले. धोरण म्हणावे ते याला काय?

विरुद्ध बाजूचे म्हणणे आम्ही हलके लेखत नाही. गर्भवती स्त्रियांना हा रोग अधिक तीव्रतेने होऊ शकतो, तान्ह्या मुलाला मुखपट्टी बांधता येत नाही, आणि आमच्या शहरांत घरापासून बागेपर्यंतचा रस्ता जिना, उद्वाहक आणि गर्दीचा पदपथ यांतूनच जातो. शिवाय ज्याला-त्याला आपापले कारण मोठे वाटते. सर्वांना सवलत दिली तर नियम उरत नाही. यातले पहिले सर्व आक्षेप खरे आहेत, म्हणूनच आम्ही बारशाला पन्नास माणसे जमवण्याची, मूल दाखवण्यासाठी दहा घरे हिंडण्याची किंवा मॉलमध्ये झबली-टोपडी धुंडाळण्याची तरफदारी करीत नाही. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये प्राणवायूसाठी माणसे तडफडत असताना ज्यांनी असे समारंभ केले, त्यांना आमची सहानुभूती नाही. शेवटचा आक्षेप मात्र आम्हाला मान्य नाही. सवलत सर्वांना दिली तर नियम मोडतो हे खरे. पण गरजेपोटी कोणालाच दिली नाही तर ती वशिल्याने मिळू लागते. एप्रिल २०२० मध्ये एका धनाढ्य घराण्याचे तेवीस जण एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पत्राच्या बळावर खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोहोचले होते. कारण ‘कौटुंबिक निकड’ असे दिले होते. कुटुंबे इतरांनाही होती, निकडही होती, पत्र नव्हते.

परदेशांनी काय केले ते पाहण्याजोगे आहे. स्पेनने १४ मार्च २०२० पासून सहा आठवडे मुलांना दाराबाहेर काढू दिले नाही. मग ओरड झाल्यावर २६ एप्रिलपासून चौदा वर्षांखालील मुलांना एका मोठ्या माणसाबरोबर, एक तास, एक किलोमीटरच्या आत फिरण्याची परवानगी मिळाली. इंग्लंडने अधिक विचारपूर्वक पाऊल टाकले. तेथे पहिल्या टाळेबंदीतही व्यायामासाठी रोज बाहेर पडण्यास मुभा होती. नोव्हेंबरमधल्या दुसऱ्या टाळेबंदीत उघड्यावर दोघांनी भेटावे असा नियम होता, पण पाच वर्षांखालील मुले त्या दोघांत मोजली जात नसत. म्हणजे मुलाला कडेवर घेऊन आईला मैत्रिणीबरोबर बागेत चालता येई. आणि २ डिसेंबर २०२० पासून ज्या घरात एक वर्षाखालचे मूल आहे त्या घराला दुसऱ्या एका घराशी जोडून घेण्याचा अधिकार मिळाला; ती दोन घरे नियमांपुरती एकच मानली गेली. त्या सरकारच्या इतर कारभाराचे गुणगान करण्याचे कारण नाही. पण ‘तान्हे मूल असलेले घर’ ही कायद्याने ओळखावयाची एक वेगळी अवस्था आहे, हे त्याने कागदावर मान्य केले. आपल्याकडे पासष्ट वर्षांवरील कलावंतांना चित्रीकरणास मज्जाव करणारा नियम मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये रद्द केला, कारण दाद मागावयास कोणी पुढे आले. बाळंतीण वकील गाठणार केव्हा?

बापाचाही येथे विसर पडू नये. मध्यरात्री रडणाऱ्या मुलाला खांद्यावर टाकून इमारतीच्या आवारात दोन फेऱ्या मारणारा बाप हा मौजेखातर भटकणारा इसम नव्हे. बाळंतिणीला तासभर निजू देण्याचा दुसरा मार्ग एका खोलीच्या घरात नसतो. मार्च-एप्रिलच्या त्या दिवसांत रस्त्यात सापडलेल्यांना उठाबशा काढावयास लावणाऱ्या पोलिसाला, आणि त्याहून कडक शिस्तीच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला, हा फरक कोणी शिकवला नव्हता. सोसायट्यांनी तर शासनाच्याही पुढे मजल मारली. ज्या आवाराचा देखभाल खर्च सभासद भरतो त्याच आवारात त्याच्या मुलाला पाय ठेवू द्यावयाचा नाही, असे ठराव चार माणसांनी भ्रमणध्वनीवर संमत केले.

नव्या कायद्यात म्हणून स्वतंत्र कलम हवे. एक वर्षाखालचे मूल असलेल्या घरातील आई, बाप आणि मूल यांना रोज ठरावीक वेळ उघड्यावर जाण्याचा हक्क असावा. त्यासाठी पास मागावा लागू नये. बाळंतिणीच्या मदतीला येणाऱ्या एका व्यक्तीला, मग ती तिची आई असो, सासू असो वा पगारी बाई असो, जिल्ह्याची हद्द आड येऊ नये. सोसायट्यांची मोकळी आवारे बंद करण्याचा अधिकार व्यवस्थापक समितीला नसावा. या कलमाचा मसुदा करणाऱ्या समितीत साथरोगतज्ज्ञ असतील, पोलीस अधिकारी असतील, वित्त खात्याचे सचिवही असतील. प्रसूतिगृहातली एक परिचारिका आणि जिचे मूल २०२० साली पाळण्यात होते अशी एक आई यांनाही तेथे बसवावे, आणि त्यांची साक्ष सर्वांत आधी नोंदवावी.