भटक्या कुत्र्यांबाबतचा आदेश आणि आपल्या अंगणातले जंत

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांबाबतचा आपला आधीचा आदेश बदलला. पकडलेल्या कुत्र्यांची नसबंदी करावी, त्यांना लस आणि जंताचे औषध द्यावे आणि त्याच भागात परत सोडावे, असे त्यात सांगितले. रेबीजची बाधा असलेली व आक्रमक कुत्री यातून वगळली होती. चर्चा झाली ती चावण्याची आणि रेबीजची. रेबीज जीवघेणा असल्याने ते योग्यच. जंताच्या औषधाकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही.

धोका मातीतून

कुत्र्याच्या आतड्यात टोक्सोकारा नावाचे गोल जंत असतात. त्यांची अंडी विष्ठेतून मातीत पडतात. ती लगेच संसर्ग करत नाहीत, त्यासाठी एक ते चार आठवडे लागतात. नंतर मात्र ती मातीत कित्येक महिने टिकतात. माती लागलेला हात मुलाने तोंडात घातला की त्यातील अळ्या यकृत, फुप्फुसे आणि क्वचित डोळ्यांपर्यंत पोहोचतात.

७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये अशा ठिकाणांहून कुत्री हटवण्यास सांगितले गेले. पण कुत्रे गेले तरी मैदानातली अंडी तिथेच राहतात. परत सोडलेल्या कुत्र्यालाही पुन्हा जंत होऊ शकतात, म्हणून औषधाचा एकच डोस पुरत नाही.

शाळेतली गोळी पुरेशी आहे का?

राष्ट्रीय जंतनाशक दिनी मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी माणसाच्या आतड्यातील जंतांसाठी असते. ती मुलांना जरूर द्या. पण टोक्सोकाराच्या अळ्या आतड्याबाहेर असतात. त्यांचे उपचार वेगळे असून ते डॉक्टरच ठरवतात.

घरी काय करावे?

- पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासूनच जंताचे औषध लागते. वेळापत्रक पशुवैद्यकांकडून घ्या. मोठ्या कुत्र्याला साधारणपणे दर तीन महिन्यांनी औषध देतात.
- कुत्र्याची विष्ठा रोजच्या रोज उचला. अंडी संसर्गक्षम होण्याआधीच ती निघून जातात.
- मातीत खेळल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा. पालेभाज्या नीट धुवा.
- शेळ्या-मेंढ्यांचे कच्चे काळीज, फुप्फुस कुत्र्याला घालू नका. त्यातून कुत्र्याला होणारे पट्टकृमी माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात हायडॅटिड गाठ करतात. या कृमींची अंडी ताज्या विष्ठेतूनही संसर्ग करतात आणि त्यांचे औषध वेगळे असते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

मुलाला एका डोळ्याने कमी दिसणे, नवा तिरळेपणा, बरा न होणारा खोकला किंवा ताप, पोटात उजवीकडे गाठ जाणवणे, यांपैकी काहीही असल्यास थांबू नका. घरात कुत्रा आहे किंवा मूल माती खाते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. या एका माहितीने निदान लवकर होऊ शकते.

त्यासाठी कुत्रा घराबाहेर काढण्याची गरज नाही. त्याचे औषध चुकवू नका आणि अंगण स्वच्छ ठेवा.